चार्ज

कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावात जलशुद्धीकरण केंद्र गावाबाहेर, जुन्या घाटाच्या वरच्या अंगाला आहे. दिवसाला 50 लाख लिटर पाणी तिथून गावात जातं. माणशी 135 लिटरचा सरकारी हिशेब धरला, तर 37 हजार माणसांना पुरेल एवढं. जॅकवेलमधून उचललेलं नदीचं पाणी आधी पायऱ्यांवरून खळाळत उतरतं, त्यात तुरटीचं द्रावण पडतं, गोल टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं, शेवटी जंतू मारायला टीसीएल पावडरची मात्रा मिळते आणि मग ते उंच टाक्यांतून घरोघरी पोचतं. नळ सोडणाऱ्या बाईला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पाण्याची आठवण लोकांना होते ती ते गढूळ आल्यावर.

वैशाली तिथे चार वर्षं अभियंता होती. सिव्हिलची पदवी घेतलेली, नगरपरिषदेत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेली. कामाला वाघ होती. ती आली तेव्हा तुरटी घमेल्याच्या मापानं आणि नजरेच्या अंदाजानं पडत असे. तिनं धूळ खात पडलेलं जार टेस्टचं यंत्र दुरुस्त करून घेतलं, गढूळपणा मोजायचं मीटर मागवलं आणि रोज सकाळी स्वतः चाचणी करून त्या दिवसाचा तुरटीचा आकडा फळ्यावर लिहायला सुरुवात केली. चार पावसाळ्यांत गावाला एकदाही गढूळ पाणी गेलं नाही. टाकीवरच्या ऑपरेटरपासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे म्हणायला लागले, "मॅडम आहेत म्हणून प्लँट चालतोय."

त्या वर्षी तिनं गेटची परीक्षा दिली. मार्चमध्ये निकाल लागला, पुढे मुलाखत झाली आणि जूनच्या सुरुवातीला आयआयटी मुंबईतल्या सितारा या केंद्रात एम.टेक.ला प्रवेश मिळाल्याचं कळलं. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान शोधण्यासाठी हे केंद्र 1985 साली सुरू झालं. खेड्यात राहून काम करणं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. केंद्र पवईला. पवईचा तलाव 1891 मध्ये बांधला तो मुंबईला पाणी पाजायला. पण ते पाणी पिण्याजोगं निघालं नाही आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पाण्याचं शास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला याहून चांगला शेजार मिळणार नव्हता. विद्यावेतन महिना 12,400 रुपये, म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून कमी. तरी तिनं आणि घरच्यांनी फार विचार केला नाही. जायचं ठरलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे हजर व्हायचं होतं.

बातमी फुटली तशी एकच गोष्ट जो तो तिला येऊन सांगू लागला.

"तुम्ही गेल्यावर कळेल त्यांना," लेखापाल म्हणाले.

"चार वर्षांत कायम केलं नाही ना? बसू देत आता बोंबलत. गेल्यावरच किंमत कळते," आस्थापना विभागातल्या बाई म्हणाल्या.

आईसुद्धा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कामाच्या माणसाची कदर कुठे आहे इथे? तू गेल्यावर कळेल."

वैशालीला ते ऐकून बरं वाटे. करारावर काम करणाऱ्या माणसाला बरं वाटण्याचे प्रसंग तसे थोडेच येतात. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड, दर खेपेला नव्या नेमणुकीची वाट पाहणं, हे ज्यानं सोसलंय त्याला "तुझ्यावाचून अडेल" हे शब्द पगारवाढीइतके गोड लागतात. यात तिचा दोष काढू नये.

पुढचे दिवस कागदपत्रांत गेले. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला होता, पण तो राज्याच्या नमुन्यातला. प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला आणि 1 एप्रिलनंतर काढलेला हवा होता. त्यासाठी तहसीलच्या आवारात सेतू केंद्रापुढे रांगा लावल्या. मायग्रेशन, गुणपत्रकं, अनुभवाचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये जमत गेलं. राजीनामा एक महिन्याच्या नोटिशीसह दिला.

मुख्याधिकारी साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "दसऱ्यापर्यंत थांबला असता तर बरं झालं असतं. ऐन पुराच्या दिवसांत जाताय."

"साहेब, प्रवेश तोवर थांबणार नाही."

"बरं. पण फोन चालू ठेवा. फोटो पाठवतील, तुम्ही आकडा सांगायचा. होईल ना तेवढं?"

"होईल साहेब," ती म्हणाली. तिला तो तोडगा आवडलासुद्धा. मुंबईत बसूनही गावाचं पाणी आपल्याच शब्दावर चालणार होतं.

नवा अभियंता नेमायला दोन-तीन महिने सहज लागणार होते. चार्ज द्यायचा कुणाला, हा प्रश्न त्यामुळे कुणी काढलाच नाही.

जूनच्या मध्यावर बाजारपेठेत केबलसाठी खोदताना जेसीबीनं पाण्याची मोठी लाइन फोडली. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला की अर्धं गाव कोरडं पडणार. मधे चौकात एक व्हॉल्व्ह आहे, तो बंद केला तर फक्त बाजारपेठेचं पाणी थांबेल, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तो नक्की कुठे आहे, हे मात्र एकालाही सांगता येईना. कपाटातला नकाशा योजना मंजूर झाली तेव्हाचा. पाइप प्रत्यक्षात कसे गेले, हे त्यावर कुणी उतरवलेलं नव्हतं. चौकाच्या रस्त्यावर एकावर एक डांबराचे थर चढलेले. चार ठिकाणी खोदलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानपट्टीसमोर व्हॉल्व्ह सापडला. पोरांनी चावी लावून जोर लावला, तर तो फिरेना. आणखी जोर लावला आणि स्पिंडल तुटला. तो व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा होता. सगळे ज्या बाजूनं बंद होतात, त्या बाजूनं तो उघडत असे.

"सखारामतात्या असते तर..." दत्तूमामा कपाळाला हात लावून म्हणाले. दत्तूमामा म्हणजे केंद्रावरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. "त्यांना सगळे उलटे व्हॉल्व्ह तोंडपाठ होते."

सखारामतात्या गावचे जुने व्हॉल्व्हमन. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, मागच्या उन्हाळ्यात वारले. शेवटी टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करावा लागला आणि अर्धं गाव दोन दिवस टँकरवर राहिलं. टँकर माळावरच्या वस्तीपर्यंत पोचेना, म्हणून तिथल्या बायकांनी शेतातल्या विहिरीचं पाणी भरलं. त्या आठवड्यात वस्तीवरची सात-आठ पोरं जुलाबानं दवाखान्यात आली. सगळी बरी झाली, पण वैशालीला झोप लागली नाही. इचलकरंजीत 2012 साली काविळीची साथ आली होती, तेव्हा ती कॉलेजात होती. तिच्या वर्गातली एक मुलगी तिथली. तिच्या घरातलं एक माणूस त्या साथीत गेलं होतं. पाण्यातली चूक कुठून निघते आणि कुणाच्या घरात शिरते, हे तेव्हापासून तिच्या मनात घट्ट बसलं होतं.

तात्यांनी कुठे काही लिहून ठेवलं असेल, एखादी वही असेल, या आशेनं ती त्यांच्या घरी गेली. घाटाजवळ दोन खोल्यांचं घर. तात्यांच्या बायकोनं तिला पाट दिला, गुळाचा चहा केला.

"वही कसली पोरी? त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं."

"मग कुणाला सांगून ठेवलं होतं का, काकू? दुसऱ्या एखाद्या व्हॉल्व्हमनला?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, "बावीस वर्षं रोजंदारीवर होते बघ. नवा साहेब आला की म्हणायचा, माणसं फार झाली, ह्याला कमी करा. मग कुठंतरी पाइप फुटायचा आणि ह्यांना बोलावणं यायचं. सगळं सांगून टाकलं असतं तर आमची चूल कशावर पेटली असती?"

वैशालीला काही बोलता येईना.

"कायम झाले तेव्हा पाचच वर्षं उरली होती. त्यानंतर कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं गं त्यांनी. पण कुणी विचारलंच नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला. चावी जमा करून घेतली."

काकूंचं हे बोलणं म्हणजे सगळ्या गोष्टीचं मर्म आहे, म्हणून मी ते जसंच्या तसं दिलं. आपल्याकडे माहिती दडवून ठेवणाऱ्या माणसाला लोक चटकन आपमतलबी म्हणतात. पण ज्याची नोकरी उद्या राहील की नाही याचा भरवसा नाही, त्याच्याजवळ डोक्यातल्या माहितीखेरीज दुसरी ठेव कुठली असते? तात्यांनी ती जपली, कारण तिच्यावर पाच माणसं जेवत होती. दोष असलाच तर बावीस वर्षं त्यांना टांगून ठेवणाऱ्यांचा.

वैशालीची गोष्ट वेगळी होती. तिच्या फाइलमध्ये प्रवेशाचं पत्र होतं. तिला कुणी कमी करणार नव्हतं, तीच निघाली होती. आकडा आपल्याशीच ठेवून ती कुठली चूल राखणार होती? "गेल्यावर कळेल" हे शब्द त्या रात्री तिला पहिल्यांदा नीट ऐकू आले. कळेल म्हणजे काय होईल? नळाला गढूळ पाणी येईल. माळावरच्या वस्तीतली पोरं पुन्हा दवाखान्यात येतील. मग लोक म्हणतील, मॅडम होत्या तेव्हा असं नव्हतं. आपली किंमत कळायला हा दाम मोजायचा, आणि तोही दुसऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी तिनं चार्जचा छापील नमुना काढून पाहिला. तीन पंप, दोन पॅनल, एक लोखंडी कपाट, चार खुर्च्या, सहा बीकर, पैकी एकाला तडा. यादी बरोबर होती. तीन नंबरच्या फिल्टरची वाळू पातळ झाली आहे आणि त्याला बाकीच्यांच्या आधी बॅकवॉश लागतो, हे त्यात कुठे नव्हतं. टीसीएलचं पोतं ताजं असताना त्यात क्लोरीन भरपूर असतो, पण पावसाळी हवेत उघडं राहिलं की जोर उतरतो, म्हणून घमेल्याच्या मापावर न जाता शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट पाहूनच मात्रा ठरवायची, हेही नव्हतं. आणि तुरटीचा आकडा कसा काढायचा, हे तर कुठेच नव्हतं. तिनं दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसली. चार दिवसांत बरंचसं लिहून झालं. नदीच्या पाण्याचा गढूळपणा किती असला की तुरटी किती, याचा चार वर्षांच्या नोंदींवरून एक तक्ताही केला आणि मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला.

दत्तूमामांनी तक्त्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान झालंय मॅडम. पण पाणी तक्त्याप्रमाणे येतंय थोडंच?"

ते खरं होतं. दोन दिवस सारखंच गढूळ दिसणारं पाणी सारखी तुरटी मागत नाही. चाचणी करावीच लागते, आणि ती वाचून येत नाही.

"मग तुम्हीच करायची चाचणी, मामा."

"मी? ते शिकलेल्या माणसाचं काम."

मामा सातवी शिकलेले, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे वैशालीनं चार वर्षांत कधी तपासलं नव्हतं. आता तिनं नदीच्या पाण्याची बादली त्यांच्यापुढे ठेवली. "नुसतं बघून सांगा, मीटरवर किती येईल?"

मामांनी बादली उजेडाकडे सरकवली, ओंजळीत पाणी घेतलं, बोटांत चोळलं. "साठ-पासष्ट."

मीटरनं 63 दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते 110 म्हणाले, आलं 104. ज्या माणसाची नजर एवढी पक्की आहे, त्याला चाचणी जमणार नाही असं आपण कोणत्या आधारावर धरून चाललो होतो, हे तिला कळेना.

शिकवणं सुरू झालं. रात्रपाळीचा इम्रानही थांबायचा. तो आयटीआय झालेला, पंप ऑपरेटरचा कोर्स केलेला. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवायची. त्या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकला की झाली दहाची मात्रा. सहा बीकरांत नदीचं पाणी एकेक लिटर भरायचं, पहिल्यात एक मिलिलिटर, दुसऱ्यात दोन, असं चढत जायचं. पाती आधी मिनिटभर जोरात फिरवायची, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश. सावकाश फिरताना मातीचे कण तुरटीला चिकटून गुठळी धरतात. मग यंत्र बंद करून अर्धा तास नुसतं बघायचं. ज्या बीकरात कमीत कमी तुरटीत पाणी स्वच्छ निवळलं, तो आपला आकडा.

"आता हा आकडा पोत्यात कसा मोजायचा?" मामांनी विचारलं.

"आपला प्लँट पन्नास लाख लिटरचा. वीसची मात्रा आली तर दिवसाला 100 किलो तुरटी. तीस आली तर 150."

मामा थोडं थांबले. "म्हणजे पाचनं गुणायचं?"

"पाचनंच."

"मग एवढा बाऊ कशाला केलात मॅडम? पाचाचा पाढा मला झोपेत येतो."

सगळ्यांत अवघड गेलं ते वैशालीला. मामा पिपेट धरत, त्यांचा हात थरथरे, थेंब जास्त पडे, परत पहिल्यापासून. तिला ते बघवेना. एकदा तिनं पिपेट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि झरझर सहाही बीकर भरून टाकले. मामा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन पायरीवर बसले, तंबाखू मळत राहिले, त्या दिवशी आत आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वैशाली यंत्रापासून दोन पावलं लांब, हात मागे बांधून उभी राहू लागली. येणाऱ्या माणसाला न येणाऱ्याच्या हाताकडे गप्प बघत राहणं फार जड जातं. पण शिकवणं म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर सारखा पाऊस लागला. नदी एका संध्याकाळीत चढली. रात्रपाळीला मामा आणि इम्रान दोघे थांबले. पाणी निवळलं नाही तर पंप बंद ठेवायचे, गावात सोडायचं नाही, हे आधी ठरलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरेल एवढं शुद्ध पाणी टाक्यांत होतं.

रात्री एकच्या सुमाराला वैशालीचा फोन वाजला.

"मॅडम, आठशेच्या वर गेलंय मीटर. सत्तर टाकलं, ऐंशी टाकलं, नव्वद टाकलं. गुठळीच धरत नाही. पाणी दुधासारखं दिसतंय."

वैशालीच्या हातात स्कूटीची किल्ली आली होती. तिच्या तक्त्यातली सगळ्यांत वरची ओळ 500च्या वर 70 मात्रा, अशी होती. मागच्या वर्षी असं झालं तेव्हा तिनं तुरटी वाढवत वाढवत नेली होती आणि कसंबसं निभावलं होतं. तेच सांगणार, तेवढ्यात ती थांबली. नव्वदलाही गुठळी धरत नसेल तर शंभरला धरेलच कशावरून?

"मामा, मला इथून पाणी दिसत नाही. तुम्हाला दिसतंय. आम्लाचा कागद बुडवून बघितला का?"

"नाही अजून."

"बघा. आणि मग तुम्हाला जे सुचेल ते करून बघा. बीकरात करायचंय, गावात नाही."

फोन ठेवून ती पलंगावर बसून राहिली. आई उठून आली. "जात का नाहीस?" तिनं विचारलं. वैशालीनं किल्ली परत खिळ्याला अडकवली. आणखी वीस दिवसांनी ती 200 किलोमीटरहून अधिक लांब असणार होती. ती रात्र तशीच बसून काढावी लागणार होती.

सकाळी सहाला ती केंद्रावर पोचली, तेव्हा गोल टाकीतलं वरचं पाणी नितळ होतं. मामा रजिस्टर पुढे घेऊन बसले होते. नोंद होती: तुरटी 60, चुना 20.

"चुना?"

"कागद बुडवला तर पाणी आंबट झालेलं. पावसाचं पाणी नदीत फार आलं की तसं होतं. पूर्वी इथं एक केमिस्ट होते, ते पुरात तुरटीबरोबर चुना टाकायचे. नुसती तुरटी वाढवली तर पाणी आणखी आंबट होतं, मग गुठळी कशी धरणार? इम्रान म्हणाला, करून बघू. तिसऱ्या खेपेला जमलं."

शास्त्र तेच सांगतं. तुरटी पाण्यातली क्षारता खाते, आणि पुराच्या पाण्यात ती आधीच कमी असते. वैशाली हे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकली होती, परीक्षेत लिहूनही आली होती. मागच्या वर्षी तिला ते आठवलं नव्हतं.

"मामा, हे मला आधी का नाही सांगितलं? चार वर्षं झाली."

मामा सहज म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाहीत मॅडम."

तात्यांच्या घरात ऐकलेलं वाक्य ते. ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून मामांच्या समोर बसली, वहीचं कोरं पान काढलं आणि म्हणाली, "आता विचारते. आणखी काय काय करायचे ते केमिस्ट?" त्या सकाळी त्यांनी दोन तास बोलून अकरा पानं भरवली. पुढचे दोन आठवडे ती रोज दुपारी कुणा ना कुणाला असंच विचारत बसली. उरलेल्या व्हॉल्व्हमनना घेऊन गावभर हिंडली, ज्यांना जे आठवत होतं ते कागदावर उतरवलं, उलट्या आट्यांच्या व्हॉल्व्हवर लाल रंगाचा पट्टा मारून घेतला. असे सहा निघाले. दोन डांबराखाली गेलेले काकूंनी दाखवले. काम संपवून तात्या रोज रात्री कुठे काय केलं ते त्यांना सांगत असत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात ती मुख्याधिकाऱ्यांना भेटली. "साहेब, फोनचं मी हो म्हटलं होतं, पण त्याची गरज पडणार नाही. आकडा मामा काढतील. त्यांच्या सहीनं रजिस्टर चालू द्या. आणि एक विनंती आहे. इम्रानचा करार या महिन्यात संपतोय. तो वाढवून द्या, वेळेवर. या माणसांना जे येतं ते त्यांनी मोकळेपणानं पुढच्याला सांगावं असं वाटत असेल, तर त्यांना नोकरीचा धाक नको."

साहेबांनी लिहून घेतलं. करार वाढला. खंड न देता वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, ते झालं नाही.

निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ मिळालं. दोघा-तिघांनी भाषणात पुन्हा तेच म्हटलं, मॅडम गेल्यावर कळेल आपल्याला. मागच्या रांगेत मामा आणि इम्रान बसले होते, त्यांच्याकडे पाहून वैशालीला हसू आलं. पण घरी जाताना थोडं दुखलंही. चार वर्षं ज्या कामात आपण जीव ओतला, ते आपल्यावाचून नीट चालतं हे डोळ्यांनी पाहणं कुणालाच सोपं जात नाही. जिनं ते आपल्या हातानं घडवून आणलं, तिला तर मुळीच नाही. ते दुखणं तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

20 जुलैला तिला कार्यमुक्त केलं. चार्जच्या कागदावर घेणाऱ्याच्या जागी सही कुणाची घ्यायची, यावर कार्यालयात थोडी चर्चा झाली. ऑपरेटरनं अभियंत्याचा चार्ज घेतल्याचं उदाहरण नव्हतं. शेवटी साहेबांनी "तात्पुरता" असा शेरा मारून दत्तूमामांची सही घेतली. मामांनी सही केली आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली: वही मिळाली, पाने 140.

त्या पावसाळ्यात पूर आणखी दोनदा आला. एकदा नव्वदीच्या जवळ मात्रा लागली, एकदा चाळीसातच भागलं. गावात गढूळ पाणी गेलं नाही. इम्रान रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून माळावरच्या वस्तीत जाऊन शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेई, ओटीचे थेंब टाकी, पिवळा रंग आला की वहीत खूण करी. वैशालीला मामांचा फोन येत असे, पण तो बहुधा रविवारी आणि तिथलं जेवणखाण कसं आहे हे विचारायला. नवा अभियंता ऑक्टोबरमध्ये हजर झाला. त्याला जार टेस्ट मामांनी शिकवली, दोन पावलं लांब, हात मागे बांधून.

भिंतीवरचा तक्ता अजून तिथेच आहे. त्यातल्या पावसाळ्याच्या सगळ्या ओळी मामांनी आणि इम्राननं खोडून नव्यानं लिहिल्या आहेत, शेजारी चुन्याचा नवा रकाना आखला आहे. वैशालीच्या अक्षरातली एकच ओळ आता उरली आहे, मार्च ते मेची.